बुरशीच्या पोटातला भाडेकरू!

अहो, हातातलं काम ठेवा आणि आधी हे ऐका! मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. बुरशी दिसली की नाक मुरडायचं, एवढंच माझं ज्ञान. पण परवा रायझोपस मायक्रोस्पोरस नावाच्या बुरशीबद्दल वाचलं आणि तेव्हापासून घरातले माझ्याकडे जरा काळजीनंच बघतायत!

ही बुरशी भाताची कोवळी रोपं मारते. कशी? रायझॉक्सिन नावाचं विष वापरून! मुळातल्या पेशींचं विभाजनच थांबतं. मूळ लांब वाढायचं सोडून टोकाशी सुजतं आणि रोप जातं. म्हणजे विष बुरशीचं, गुन्हा बुरशीचा, हो ना? अजिबात नाही!

जर्मनीतल्या येनामध्ये लैला पार्तिदा-मार्तीनेस आणि ख्रिस्टियन हर्टवेक या विषाची जनुकं शोधायला लागले, आणि मग ती बुरशीची वाटेचनात, आणि मग त्यांनी बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि मग त्या तंतूंच्या आत, अहो चक्क आत, जिवाणू दिसले, आणि मग त्यांनी बुरशीला अँटिबायोटिक दिलं तर जिवाणू गेले आणि विषही गेलं, आणि मग ते जिवाणू वेगळे वाढवले तर ते पठ्ठे एकटेच विष बनवायला लागले! २००५ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. आणि मला आत्ता कळतंय!

म्हणजे घर बुरशीचं आणि विषाचा कारखाना भाडेकरूचा! बरं, मग बुरशी स्वतः कशी मरत नाही? हे विष पेशीतल्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, तेच प्रथिन या बुरशीत किंचित वेगळं आहे. विषाला पकडच मिळत नाही! आहे की नाही कमाल?

थांबा, उठू नका, खरी गंमत पुढेच आहे! २००७ मध्ये याच मंडळींनी दाखवलं, की भाडेकरूला हाकललं तर बुरशीला बीजाणूच धरत नाहीत! वंशच खुंटला! जिवाणू परत आत सोडले की बीजाणू पुन्हा हजर. आणि त्या नव्या बीजाणूंमध्ये बसून हे महाशय पुढच्या पिढीत जातात. भाडं नाही, करार नाही, आणि घरमालकाची पोरंबाळं यांच्या मर्जीवर!

तेव्हा माझं एक ऐका. शिळ्या ब्रेडवर काळे ठिपके दिसले, तर फेकण्याआधी भिंगातून बघा. रायझोपसच्याच गोतावळ्यातली बुरशी असू शकते, आणि ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या! फक्त हुंगू नका. आणि बघून झालं की मला फोन करा, घरात माझं आता कुणी ऐकत नाही!