खाऱ्या वाऱ्यातले स्वयंपाकघर
तापीच्या मुखाशी, खंबातच्या आखाताला लागून असलेल्या हजीऱ्यात स्वयंपाकघर नव्याने करताना पहिला विचार खाऱ्या, दमट हवेचा करावा लागतो. साध्या लोखंडी बिजागऱ्या इथे लवकर गंजतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील अधिक टिकते. ओट्याखालच्या कपाटांसाठी आयएस ७१० मानकाचे प्लायवूड आणि वर ग्रॅनाइट योग्य. ओटा रांधणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली हवा. तिच्या पाठीची काळजी सजावटीच्या आधी घ्यायला हवी. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, म्हणून झरोका छताजवळ ठेवावा. सिलिंडरचा वायू जड असल्याने त्याला जमिनीलगत वाट ठेवावी लागते.