निनावी बक्षीसपत्र

भाताच्या पातीची धार काळू नदीकाठच्या आमच्या टिटवाळ्यात कोणाला नवी नाही. परंतु निवृत्तीनंतर एका कापणीच्या दिवसांत तीच पात माझ्या उजव्या डोळ्याला लागली, त्या क्षुल्लक जखमेत बुरशी शिरली, आणि औषधोपचारांनी व्रण भरून आला तरी बुबुळावर पांढरे फूल कायमचे राहिले. डावा डोळा बालपणापासून अधू. त्यामुळे कल्याणच्या दुय्यम निबंधकांच्या कचेरीत ज्या दृष्टीने मी हयातभर दस्तऐवजांची रुजुवात केली, तिला आता स्थानकावरच्या इंडिकेटरवर गाडी आसनगावची की कसाऱ्याची हेही उमगेना, आणि प्रत्येक वेळी अपरिचितांना विचारणे भाग पडू लागले.

डॉक्टरांनी समजावले की, बुबुळावरचे पारदर्शक पटल बदलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या पटलात रक्तवाहिन्या नसल्यामुळे परक्याचे पटलही शरीर बहुधा स्वीकारते. चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला मोराव्हियातील एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली याच उपायाने दृष्टी दिली होती, हे ऐकून मला मोठा धीर आला.

नेत्रपेढीत पटल उपलब्ध झाले आणि शस्त्रक्रिया पार पडली. केसाहून बारीक टाके डोळ्यात दीर्घकाळ राहिले, थेंबांचा नेम चालला, आणि दृष्टी इतक्या सावकाश निवळत गेली की ती परतल्याचा नेमका दिवस मला सांगता येणार नाही. मात्र कल्याणच्या फलाटावर ‘कसारा’ ही अक्षरे कोणालाही न विचारता वाचली, तेव्हा कंठ दाटून आला. आज शेजारपाजारचे लोक पुन्हा आपले उतारे व खरेदीखते माझ्याकडे वाचावयास आणतात.

बक्षीसपत्रात लिहून देणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचे नाव असल्यावाचून दस्त नोंदला जात नाही, हे मी शेकडो पक्षकारांना सांगितले असेल; पण माझ्या आयुष्यातील सर्वांत मोलाच्या बक्षिसावर देणाऱ्याचे नावच नाही, कारण नेत्रपेढी ते गुप्त ठेवते. मला त्या दात्याइतकेच त्याचे वारस आठवतात. मृताने हयातीत संकल्प केला असला, तरी अखेरीस निकटच्या आप्तांनी रुकार द्यावा लागतो, आणि तोही मृत्यूनंतरच्या अवघ्या सहा तासांत, जेव्हा घरात आकांत चाललेला असतो. अशा प्रहरी ज्या कुणी त्या कागदावर सही केली, त्याच्या मनोधैर्यापुढे मी नतमस्तक आहे.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, आपली इच्छा केवळ संमतिपत्रात न ठेवता घरातल्या माणसांना आजच स्पष्ट सांगावी. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांची नेत्रदानाला आडकाठी नसते, आणि एका व्यक्तीचे दोन डोळे बहुधा दोघांच्या उपयोगी पडतात. मृत्यू घडताच पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर किंचित उंच ठेवावे आणि विनाविलंब नेत्रपेढीला कळवावे.