मुदती हुंडी

दांडियाबाजारातलं आमचं जुनं घर सोडायचं ठरलं, तेव्हा आईने सामानाबद्दल काही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "अनंताचं काय करणार आहेस?"

मागच्या अंगणात अनंताचं झाड होतं. आई लग्न होऊन बडोद्याला आली, त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी तिने ते लावलेलं. गोत्रीकडच्या नव्या घराला मागे चार हात जमीन होती. मी माळ्याला बोलावलं. त्याने झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्याला हात लावला आणि मला म्हणाला, "फेररोपणी छे, बेन. उतावळ न चाले."

घाई चालणार नाही म्हणजे किती, हे मला पुढे कळलं. वैशाखात त्याने बुंध्यापासून हातभर अंतरावर अर्धगोल चर खणला, आडवी येणारी मुळं धारदार हत्याराने कापली आणि चर खत-मातीने भरून टाकला. तीन आठवड्यांनी उरलेला अर्धा गोल. झाड जागचं हललेलं नव्हतं, पण त्याचं निघणं सुरू झालं होतं. प्रत्यक्ष हलवलं ते आषाढात, आभाळ भरून आलेल्या एका संध्याकाळी.

मधल्या दोन महिन्यांत माळ्याचा तो शब्द माझ्या मनात घोळत राहिला. फेररोपणी. गुजरातीत 'फेर' म्हणजे पुन्हा, आणि 'फेर' म्हणजे फरकही. बडोद्याच्या बाजारात "शुं फेर पडे?" हे दिवसातून दहादा कानावर येतं. त्यामुळे माझ्या कानाला या शब्दात दोन्ही ऐकू येतं: पुन्हा लावणं, आणि लावल्यावर पडणारा फरक.

आईचा शब्द वेगळा. ती राजापूरकडची. तिच्या लहानपणी भाताची रोपं म्हणजे तरवा. तरवा काढायचा, त्याच्या मुठी बांधायच्या आणि चिखलणी झालेल्या खाचरात लावणी करायची. इगतपुरीकडे तिलाच आवणी म्हणतात. भंडारा-गोंदियात रोपं म्हणजे पऱ्हे, आणि लावणी म्हणजे रोवणी. नाशिककडे कांद्याचं आधी उळं टाकतात, मग त्या रोपांची लागवड. एकाच भाषेत एवढे शब्द साठले, कारण एका जागी उगवलेलं उपटून दुसऱ्या जागी नेल्याशिवाय ताटातला भात होत नाही, भाकरीबरोबरचा कांदा होत नाही. आपण ज्याला मुळापासून उखडणं म्हणून घाबरतो, ते शेतकऱ्याच्या घरी दर पावसाळ्यातलं काम आहे.

आणि 'लावणे' हे क्रियापद तरी केवढं! रोप लावतो तसाच दिवा लावतो, लेकराला वळण लावतो, लळा लावतो, जीव लावतो. मराठीने रोपाच्या प्रवासाकडे पाहिलंच नाही. ते कशाला तरी जोडलं जातं, एवढंच पाहिलं. म्हणून रोप जगलं की आपण म्हणतो, लागलं. मनही लागतं, नाहीतर लागत नाही.

संस्कृतने आणखी निराळं पाहिलं. 'रुह्' म्हणजे वाढणं, वर चढणं. त्याचं प्रयोजक रूप 'रोपयति', म्हणजे वाढायला लावतो. रोप, रोपण, आरोहण ही सगळी त्या एका धातूची पिलावळ, आणि मूत्रपिंडाचं प्रत्यारोपणही त्याच घरातलं. लावणारा स्वतः वाढत नाही, वाढवूही शकत नाही. तो वाढीला निमित्त होतो, एवढी नम्रता त्या व्याकरणात आहे.

इंग्रजीने लॅटिनमधून उचललेला 'ट्रान्सप्लांट' ओलांडण्याकडे बघतो: इकडून तिकडे, पलीकडे. पण त्याच लॅटिनमध्ये 'प्लांटा' म्हणजे रोप आणि 'प्लांटा' म्हणजेच पायाचा तळवा. फ्रेंच शेतकरी वाफ्यातलं रोप शेतात लावतो त्याला 'रपिके' म्हणतात, म्हणजे पुन्हा टोचणं. तिथे बोटाची हालचालच शब्दात उतरली आहे. जर्मन म्हण सांगते की जुनं झाड हलवू नये, आणि ती म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे म्हातारी माणसं असतात. चिनी म्हण तिच्या समोर उभी राहते: झाड हलवलं तर मरतं, माणूस हलला तर जगतो. आईचं वय चौऱ्याऐंशी. ते दोन महिने मी या दोन म्हणींच्या मधोमध उभी होते.

आषाढातल्या त्या संध्याकाळी माळी आणि त्याचा मुलगा झाडाखाली गोणपाट सरकवत असताना आई ओट्यावरून ओरडली, "हुंडी फुटू देऊ नका!"

माळी थांबला. त्याला शब्द कळला नाही, पण तो काय करत होता ते आईला नेमकं कळलं होतं. मुळांना धरून राहिलेला मातीचा गोळा म्हणजे हुंडी. आमच्या कोकणात आंब्याचं कलम लावतानाही हेच बजावतात: पिशवी फाडा, हुंडी फोडू नका. कारण पाणी पितात ती जाड मुळं नव्हेत. टोकांजवळची केसांसारखी नाजूक मुळं पितात. माती सुटली की ती तुटतात. पानं मात्र पाणी उडवत राहतात आणि झाड उभ्या उभ्या तहानेने सुकतं. माळ्याने दोन महिने आधी मुळं छाटली ती यासाठीच, की लांब गेलेल्या मुळांऐवजी बुंध्याजवळ, हुंडीच्या आतच, नवी बारीक मुळं फुटावीत.

बडोद्यात 'हुंडी' हा शब्द उच्चारला की दुसरीच हुंडी आठवते. गायकवाडांच्या राज्याला पैसा पुरवणाऱ्या हरिभक्तींसारख्या पेढ्यांचं हे गाव. इथे भरलेली रक्कम कागदाच्या एका तुकड्यावर परगावी मिळायची. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदतीची हुंडी मुदत भरल्यावर. हे दोन शब्द मुळात एक आहेत की नाहीत, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मला त्यांच्यात एकच काम दिसतं. जुन्या जागेचं थोडंसं काही बांधून बरोबर न्यायचं, आणि त्याच्या भरवशावर नव्या जागी पहिले दिवस काढायचे.

हे शहर अशाच हुंड्यांवर उभं आहे. १८७५ मध्ये मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ इथे आला. महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो महाराज सयाजीराव झाला. त्याला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. बरोबर वडील काशीराव होते, आनंदराव आणि संपतराव हे भाऊ होते. त्याच्या अज्ञानकाळात कारभार सांभाळणारे दिवाण सर टी. माधवराव हेही तंजावरच्या मराठी कुटुंबातले, पिढ्यांपूर्वी दक्षिणेत लागलेल्या रोपाचा फुटवा. त्याच तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई १८८० मध्ये सून होऊन आली आणि चिमणाबाई झाली. तिच्याबरोबर तिथल्या नर्तकींचा आणि वादकांचा ताफा आला. त्यात गौरा आणि कांतिमती होत्या. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ यांनी पुढे बडोद्यात भरतनाट्यम शिकवलं. त्यांचं आडनाव तंजोरकर. तंजावरात राहणाऱ्याला तंजोरकर कोण म्हणेल? ते नाव गाव सुटल्यावरच मिळतं. आपली सगळी 'कर' लावलेली आडनावं म्हणजे मुळांना चिकटून आलेली मातीच आहे.

पण माळ्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मी विसरू शकत नाही. नव्या खड्ड्यात झाड उतरवण्याआधी त्याने हुंडीच्या कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी केली. मी दचकले. तो म्हणाला, फार आवळलेली राहिली तर मुळं आतल्या आतच गोल फिरत बसतात. चहूकडे चांगली जमीन असून उपाशी राहतात. कुंडीत वर्षानुवर्षं राहिलेल्या झाडाची मुळं मी तशी पाहिली आहेत, सुताच्या गुंडीसारखी.

हुंडी तिजोरीत जपायची वस्तू नाही. ती परक्या गावच्या पेढीवर द्यायची, तिथल्या चलनात वटवायची, तेव्हाच ती पैसा होते. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१० च्या सुमारास इथल्या गंगनाथ विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. मराठी त्यांची मातृभाषा, पण त्यांच्या हातून गुजराती गद्याचं वैभव वाढलं. आणि बाराव्या वर्षी अक्षरओळख नसलेल्या कवळाण्याच्या त्या मुलाने १९०६ मध्ये आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पुढे १९३१ मध्ये त्याच्या दरबारातून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला: कारभारातला एकेक शब्द आठ भाषांत, शेजारी शेजारी. वडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात शब्दकोशालाही झाडाचंच नाव मिळालं. आठ भाषांत एका अर्थाला जागा करून देणं ही कामगिरी ज्याला स्वतःला एका मातीतून दुसरीत यावं लागलं, त्यालाच सुचावी, असं मला वाटतं.

म्हणून मराठी मंडळी बडोद्याच्या मराठीला अशुद्ध म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. आम्ही गच्चीला अगाशी म्हणतो, भाजीला कधी शाक म्हणून जातो. ही फुटलेली हुंडी नव्हे. ही तिच्याबाहेर पडलेली मुळं आहेत.

माळ्याने खड्डा भरला, अनवाणी टाचेने बुंध्याभोवतीची माती दाबली आणि म्हणाला, "चोंटी जशे." चिकटेल, लागेल. गुजरातीत रोप चोंटतं, मनही चोंटतं.

पुढचे दिवस कठीण गेले. अनंताची पानं पिवळी पडून गळली. आई नव्या घरात पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची आणि रात्री उठून जुन्या घरातल्या दाराच्या दिशेने चालायला लागायची. एकदा मी तिला म्हटलं, "लग्न होऊन आलीस तेव्हाही असंच झालं असेल ना? तूही उपटून आणलेलं रोपच." ती माझ्याकडे बघत राहिली. "रोपाला कुणी विचारत नाही," ती म्हणाली. "मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. आत्ताही तू विचारलंस आणि मी हो म्हटलं. फक्त वेळ दे."

मुदती हुंडी होती ती. मी वटवण्याची घाई करत होते.

श्रावणात अनंताच्या एका काडीला दोन कोवळी पानं आली. शेजारच्या गुजराती बा सकाळी आईजवळ येऊन बसू लागल्या. एक जण मराठीत बोलायची, दुसरी गुजरातीत. दोघींना सगळं कळायचं. भाद्रपदात राजापूरहून मावशीचा फोन आला. मी दुसऱ्या खोलीत होते. मावशीने काय विचारलं ते ऐकू आलं नाही, आईचं उत्तर आलं. गुजराती क्रियापदाला राजापूरचा प्रत्यय लावून ती म्हणाली, "चोंटले गं."