वरण कधी येते?

फॉर्मवर दोनच गोल होते. रात्रीचं जेवण : बुफे की फॉर्मल डायनिंग. दुसरा गोल निवडला की खाली आणखी दोन उघडायचे, साडेसात की साडेनऊ. पुण्यात, रात्री साडेअकरा वाजता, अंथरुणात पडून मी हा फॉर्म भरत होते. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, तीन माणसं. मृग बहाराची संत्री नुकतीच व्यापाऱ्याला दिली होती म्हणून बाबा मोकळे होते, आणि माझा बोनस झाला होता. तिघांपैकी कुणीही कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. आम्ही काटोलचे. आमच्याकडे पाणी म्हणजे जाम नदी, नाहीतर विहीर.

मी फॉर्मल निवडलं. विचारही केला नाही. कारण आई.

आईला मी बसून, दुसऱ्या कुणी वाढलेलं, गरम जेवताना पाहिलेलंच नाही. घरी ती शेवटी जेवते. आधी बाबा, मग मी आणि दादा, आजी होती तोवर आजी. मग ती ओट्याजवळ पाट ओढून कढईतच भात कालवते. मी तीन वर्षांपूर्वी तिला डायनिंग टेबल घेऊन दिलं. त्यावर आता गव्हाचं पोतं आणि इस्त्रीचे कपडे असतात. म्हटलं, किमान दोन रात्री कुणीतरी हिच्या पुढ्यात ताट ठेवू दे. हिला उठायचं कामच नको.

फोनवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जेवाले बी टाइम घेवा लागते काय?" मग थोडं थांबून, "पायात काय घालाचं?" कारण फॉर्मलला चप्पल चालत नाही असं लिहिलं होतं. त्यांनी काटोलच्या मार्केटमधून काळे बूट आणले आणि आठ दिवस घरात घालून फिरले.

बाबांना मुळात जेवण वाढण्याची फार समज आहे. आमचं मूळ गाव काटोलपासून आठ किलोमीटरवर, आणि त्या पंचक्रोशीत लग्न असो, रोडग्यांचा स्वयंपाक असो, बाबांना वाढायला बोलावणं असायचंच. पळसाच्या पत्रावळी, द्रोण, आलू-वांग्याची भाजी, पोळी, बुंदी, वरण-भात, कढी. बाबांकडे वरणाची बादली. वाकून, न थांबता, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते जायचे आणि एक थेंब कुणाच्या धोतरावर पडायचा नाही. शेवटचा माणूस होईपर्यंत पहिल्याने उठायचं नाही हा नियम. इंजिनिअरिंगला बॅच प्रोसेसिंग शिकले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पंगतच होती. एक लॉट आत घ्या, सगळ्यात हळू जेवणाऱ्यासाठी सगळे थांबवा, मग मांडव झाडा आणि दुसरा लॉट घ्या.

मी सातवीत असताना आमच्या नात्यात पहिला बुफे झाला. आजीने थर्माकोलचं ताट हातात धरून विचारलं होतं, "आता हे घेऊन उभी राहू का जेवू?" हिंदीत बुफेला गिद्धभोज म्हणतात, तो विनोद त्या दिवशी मी पंधरा काकांच्या तोंडून ऐकला. पुढे २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, स्टीलची आणि कागदाची आली, पण बुफे राहिलाच. पंगतीला वाढपी लागतात, आणि ती पोरं आता पुण्यात बसून फॉर्म भरतात.

तर बोट. कोकणातल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. त्यांचे आजी-आजोबा मुंबईहून बोटीनेच गावी जायचे, ट्रंका आणि वळकट्या घेऊन डेकवर झोपायचे. ती बोटसेवा बंद पडली आणि हा रस्ता मौजेचा म्हणून परत आला तो २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा. मग २०२१ पासून कॉर्डेलियाचं जहाज. आई-बाबा विदर्भ एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरले, मी पुण्याहून आले. संध्याकाळी बोट सुटली. किनारा लांब जाताना बाबांनी मुंबईकडे बघून हात जोडले. कुणाला, ते विचारलं नाही.

साडेसातला आम्ही टेबलवर. पांढरा कपडा, तीन तीन काटे, नॅपकिनचं कमळ. वेटर तरुण होता, झारखंडचा. त्याने पहिल्यांदा आईकडे वळून विचारलं, "मॅडम, आप क्या लेंगी?"

आईने बाबांकडे पाहिलं.

ही माझ्या योजनेतली पहिली चूक होती, पण तेव्हा लक्षात आली नाही. मी तिच्यासाठी ऑर्डर दिली. सूप आलं. आईने आमच्या दोघांच्या वाट्या येईपर्यंत चमच्याला हात लावला नाही, आणि आल्या तेव्हा तिचं सूप कोमट झालेलं. मग ते गेलं आणि एका मोठ्या पांढऱ्या ताटाच्या मधोमध छोटंसं काहीतरी आलं. आईने ते संपवून हळूच विचारलं, "वरण कधी येते?"

मी म्हटलं, येईल, एकेक येतं. "एकेक काहून?"

याचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं आणि बोटीवर नेट महाग. परत आल्यावर शोधलं. एकामागून एक पदार्थ आणून वाढायची ही पद्धत युरोपातही फार जुनी नाही. तिला ‘रशियन पद्धत’ म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पॅरिसमध्ये आणण्याचं श्रेय कुराकिन नावाच्या रशियन राजदूताला दिलं जातं. त्याआधी फ्रेंच उमराव सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घ्यायचा. म्हणजे आमच्या ताटाच्या जास्त जवळचं. आपल्या जेवणात भात हा एकटा पदार्थच नाही. त्याला वरण लागतं, वरणाला भाजीचा रस्सा, मध्येच लोणच्याचं बोट. हे सगळं पंधरा पंधरा मिनिटांच्या अंतराने आलं तर जेवण होत नाही, त्याचे सुटे भाग येतात. आईचा प्रश्न अगदी बरोबर होता.

बाबा मात्र खूश. ते जेवणाकडे कमी आणि वेटरच्या मनगटाकडे जास्त बघत होते. "हात पाय त्याचा. बोट हालून राहिली, पन थेंब नाई पडू देत." त्याने दुसऱ्यांदा विचारलं की बाबा घ्यायचेच. आग्रह मोडायचा नसतो. आईला आणखी पाव हवा होता हे मला नंतर केबिनमध्ये कळलं. "मांगाले बरं नाई वाटत. तो बिचारा किती लोकायचं पाहीन?"

शेवटी आईने तिन्ही ताटं एकात एक रचली, काटे वर ठेवले आणि उठायला लागली. वेटरने धावत येऊन तिच्या हातून ताटं घेतली. तो हसला, आई पण हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मी चार हजार ओळींचा कोड एका स्वल्पविरामाने पडलेला पाहिला आहे. त्या रात्री मला तसंच वाटलं. सगळं नीट लिहिलं होतं, मग कुठे चुकलं?

दुसऱ्या दिवशी गोवा. उन्हात फिरून बाबांचं डोकं चढलं, बूट चावले. ते केबिनमध्ये झोपले. साडेसात वाजून गेले. आई म्हणाली, "त्या टेबलावर नको जाऊ. दुसरीकडे नाई भेटत का काही?"

म्हणून आम्ही दोघी बुफेला गेलो.

आईने ताट घेतलंच नाही आधी. हात मागे बांधून, बाजारात आधी सगळ्या दुकानांवरून फिरून भाव बघावेत तशी ती एक पूर्ण चक्कर मारून आली. प्रत्येक झाकण उचलून आत पाहिलं. मग ताट घेतलं आणि दोन जिलब्या, केकचा एक तुकडा, दही-भात, थोडं वरण, पुन्हा एक जिलबी. खिडकीजवळची जागा तिनेच निवडली. बाहेर काळोख, खाली फेस. तिने आधी जिलबी खाल्ली.

"आई, गोड आधी?"

"तुह्या आजीच्या राज्यात गोड मले शेवटी भेटे," ती म्हणाली. "भेटलं तर."

मग ती बोलत गेली, जिलबी मोडत, समुद्राकडे बघत. माझ्याकडे बघून ती कधीच असं बोलत नाही. बायांची पंगत शेवटची. तोवर बुंदी संपलेली, भाजीत नुसते आलू, वांगी वर वर निघून गेलेली. वाढणारा घाईत. "वाढनाऱ्याच्या हातात असते ना सगळं. कोनाले किती, कोनाले तर्री, कोनाले खालचं." मी म्हटलं, पण बाबा तर किती छान वाढायचे, सगळे सांगतात. ती म्हणाली, "छानच वाढत. मांडवात."

मी थांबले.

"मांडवाच्या बाहेर बी लोक बसत ना. आपलं भांडं घेऊन. सगळ्यायचं झाल्यावर. मी लग्न होऊन आले तवा पाह्यलं. त्यायले बी तेच वाढत."

पंचहौद मिशनचा चहा शाळेत शिकलो होतो. १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा-बिस्किटं घेतली म्हणून टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांवर गदारोळ झाला, प्रायश्चित्तं झाली. अनंत हरी गद्र्यांची झुणका-भाकर सहभोजनं, त्याचे पाच मार्क. मला तो कायम पुण्याचा, जुन्या लोकांचा विषय वाटायचा. आमच्या गावच्या मांडवाला बाहेर होता, आणि बादली माझ्या बाबांच्या हातात होती, हे पुस्तकात नव्हतं. पंगतीबद्दल हळवे लेख मीही शेअर केले आहेत. त्यातला एकही मांडवाबाहेर बसलेल्या माणसाने लिहिलेला नव्हता, आणि शेवटच्या पंगतीतल्या बाईनेही नाही.

याच वेळी बाबा दारात दिसले. झोपेतून उठलेले, पायात चप्पल, आम्हाला शोधत. आई सवयीने अर्धी उठली. मग बसली.

"ताटं तिथं हायेत," तिने मोठ्याने सांगितलं.

बाबा रांगेत लागले. पुढे सरकत ते वरणाच्या भांड्यापाशी आले, डाव हातात घेतला, स्वतःला वाढलं. मागे एक गुजराती आजोबा होते, त्यांच्या ताटातही वाढलं. त्यांच्या मागच्या बाईंनी ताट पुढे केलं. मग त्यांच्यामागच्या पोराने. पाचव्या माणसापर्यंत बाबांनी स्वतःचं ताट बाजूला ठेवून दिलं होतं आणि डाव ढवळून खालून घट्ट वरण काढत होते. लोकांना वाटलं, हेच इथले. रांग अडली. टोपीवाला शेफ बाजूला उभा राहून बघत होता, त्याला काय करावं सुचेना. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मला हसू येत होतं आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होते. डाव ताटाला टेकत होता का? टेकत होता. प्रत्येकाच्या.

सकाळी मुंबई. त्यांची गाडी संध्याकाळची होती, म्हणून सीएसएमटीवर आम्ही तिघं बॅगांवर बसून राहिलो. आई पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा मी बाबांना विचारलं. सरळच विचारलं, कारण फिरवून विचारलं असतं तर त्यांनी फिरवून उत्तर दिलं असतं.

ते बराच वेळ इंडिकेटरकडे बघत होते.

"वरून टाकत होतो," ते म्हणाले. "टेकू नको म्हनत."

"कोण म्हणत?"

"कोन म्हनाले लागते काय?" मग थोड्या वेळाने, "त्यातला एक माह्या वर्गात होता. तो ताट वर नाई करे. खाली पाहे." आई आली. बाबांनी तिच्या हातून बाटली घेतली आणि पाणी प्यायले.

आता माझं लग्न ठरलंय, डिसेंबरमध्ये, काटोललाच. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने व्हॉट्सअॅपवर जो फॉर्म पाठवला त्यात पुन्हा तेच दोन पर्याय आहेत. बाबा म्हणतात पंगत. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतात, उभ्याने जेवण म्हणजे पाहुण्याचा अपमान. त्यात चूक काही नाही. आई म्हणते बुफे, भरपूर खुर्च्या, आणि गोड दारातच ठेवा, पहिल्या टेबलावर. पाहुण्यांच्या यादीत बाबांनी परवा एक नाव स्वतःच्या हाताने वाढवलं. आडनाव मला ओळखीचं नव्हतं. पत्रिका द्यायला ते एकटेच गेले, बसने, आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले की येतो म्हणाला, बायको-पोरं घेऊन.

मॅनेजरचा रोज मेसेज येतो, मॅडम, कन्फर्म करा. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही.