गॅट्सबीचं टाईमटेबल

या वीकएन्डला 'द ग्रेट गॅट्सबी' पुन्हा वाचून काढलं. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची १९२५ सालची छोटीशी कादंबरी. २०१३ चा सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. (हो हो, तोच, ज्यात आपला अमिताभ छोट्याशा भूमिकेत आहे!)

तर गोष्ट अशी. नॉर्थ डाकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा पोरगा जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी एका श्रीमंताची यॉट बघतो आणि स्वतःचं नावच बदलून टाकतो. जे गॅट्सबी! १९१७ मध्ये लष्करात असताना त्याला डेझी भेटते. हा युद्धावर जातो, ती टॉम नावाच्या धनाढ्याशी लग्न करून मोकळी होते. मग दारूबंदीच्या काळात हा चोरट्या धंद्यांतून पैसा करतो, तिच्या घरासमोर, खाडीपलीकडे बंगला घेतो आणि पार्ट्या देत सुटतो. का? तर ती कधीतरी येईल म्हणून.

लोक याला प्रेमकथा म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर साहेबांनी रिक्वायरमेंट १९१७ लाच फ्रीझ केलीये. डेझीला आता छोटी मुलगी आहे. आणि याला हवंय काय, तर तिने टॉमवर आपलं कधीच प्रेम नव्हतं असं तोंडावर सांगावं. म्हणजे मधली पाच वर्षं चक्क डिलीट! जिवंत माणसाला हे कसं जमणार? तिलाही जमत नाही.

पण मला खरा चटका लावतो तो त्याचा बाप. गॅट्सबीने घरचे सगळे वारले असं सांगून टाकलेलं असतं. प्रत्यक्षात बापाला त्याने घर घेऊन दिलेलं असतं. अंत्यविधीला पार्ट्यांमधल्या शेकडो पाहुण्यांपैकी जेमतेम एक जण येतो. बाप मात्र येतो, पोराचं लहानपणीचं पुस्तक घेऊन. त्यात मागे हाताने लिहिलेलं टाईमटेबल: सकाळी सहाला उठणे, डंबेल्स, अभ्यास, बचत... आणि सगळ्यात शेवटी, आईवडलांशी नीट वागणे. (सिनेमातल्या शेवटात हा बाप नाहीच. पुस्तक वाचाच.)

स्वतःला नव्याने घडवण्यात मला काही गैर वाटत नाही. आपण सगळे तेच करतोय की. गावाकडून पुण्याला आल्यावर माझं 'पानी' कधी 'पाणी' झालं ते कळलंही नाही. फोनवर अण्णांशी बोलताना मात्र ते अजूनही आपोआप 'पानी' होतं.

ते तसंच राहू द्यायचं ठरवलंय.