गव्हाणी भरताना

आमच्या घरी नाताळाची तयारी नोव्हेंबर सरता सरता सुरू होते, आणि ती भाताच्या पेंढ्यापासून होते. वसईच्या आमच्या गावात भातशेती आता थोडीच उरली आहे. सासूबाईंच्या माहेरी मात्र अजून भात लावतात. झोडणी आटोपली की तिथून पेंढ्याचा एक भारा आमच्या पडवीत येऊन पडतो. सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा दिवसभर त्यावर लोळतात. संध्याकाळी अंगाला खाज सुटते, आजी खोबरेल चोळून देते, आणि सकाळी दोघं पुन्हा पेंढ्यात.

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. हिरव्या पानांच्या गोल चक्रात चार मेणबत्त्या उभ्या करायच्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन. गुलाबी मेणबत्तीचा मान तिसऱ्या रविवारचा, कारण तो आनंदाचा रविवार. ही रीत जर्मनीतली. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचा सांभाळ करणारे योहान विखर्न नावाचे पाद्री होते. ‘नाताळ कधी येणार?’ असं मुलं रोज विचारायची, म्हणून त्यांनी १८३९ साली एका चाकावर मेणबत्त्या लावून ती वाट मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवली. माझा धाकटाही तेच विचारतो. ‘अजून तीन आठवडे’ म्हटलेलं त्याला उमगत नाही. ‘अजून तीन मेणबत्त्या’ हे बरोबर उमगतं.

दुसऱ्या रविवारच्या सुमारास गोठा उभा राहतो. मुलांचे पप्पा बांबू चिरून सांगाडा करतात, वर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर घालतात. गोठ्यापुढचं कुरण मुलांचं. पसरट ताटात माती पसरून त्यात नाचणी पेरायची आणि सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं. दिवाळीत किल्ल्यावर हळीव पेरणाऱ्या मुलांना हे काम वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या शेजारची मुलं किल्ला करतात तेव्हा आमची दोघं त्यांच्या चिखलात असतात, आणि डिसेंबरात तीच मुलं आमच्या नाचणीला पाणी घालायला येतात. अंकुर फुटला की कोणाच्या बाजूचं आधी उगवलं यावर जोरात वाद होतो.

गोठा का करायचा, ही गोष्ट मी मुलांना दर वर्षी सांगते. इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ च्या नाताळात खराखुरा पेंढा, खराखुरा बैल आणि गाढव आणून गव्हाणी मांडली. येशूचा जन्म किती गरिबीत झाला, हे साध्या माणसांना डोळ्यांनी पाहता यावं हा त्यांचा हेतू होता. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचं राज्य होतं, आणि त्याच फ्रान्सिसच्या संघाचे धर्मगुरू त्या काळात इथे आले. राज्य गेलं, किल्ला पडका झाला, पण गोठा घरोघर राहिला. आज आमच्या गोठ्यातली गाय शिंगांवरून आणि वशिंडावरून पक्की देशी आहे. मातीच्या मूर्ती सासऱ्यांनी जमवलेल्या. गाढवाचा एक कान तुटलाय, एका मेंढराचा पाय चिकटवलाय. नवा संच आणू म्हटलं तर थोरली ऐकत नाही. तुटक्या कानाच्या गाढवाला ती बाळाच्या सर्वांत जवळ उभं करते.

गोठा सजतो, पण गव्हाणी रिकामीच राहते. बाळ येशूची मूर्ती चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत आजीच्या कपाटात असते. तोवर मुलांनी एक काम करायचं: दिवसभरात कोणासाठी काही चांगलं केलं असेल, तर झोपण्यापूर्वी पेंढ्याची एक काडी गव्हाणीत ठेवायची. बाळ त्यावर निजणार आहे, तर अंथरूण मऊ नको का? पुष्कळ कॅथलिक घरांतली ही रीत मी अगदी मनापासून पाळते, आणि त्यात दोन नियम ठरवले आहेत. काडी ठेवायची की नाही हे मुलानेच ठरवायचं. आणि ठेवलेली काडी कोणीही, कितीही रागावलं तरी, काढून घ्यायची नाही.

एका रात्री धाकट्याने मूठभर पेंढा आणून गव्हाणीत कोंबला. ‘आज मी खूप चांगला होतो,’ म्हणाला. थोरली चिडली. तिने दिवसभर अभ्यास केला होता, आजीला लसूण सोलून दिला होता, आणि तिची एकच काडी.

‘मम्मी, त्याला काढायला सांग ना!’

मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, ‘राहू दे गं. बाळाला थंडी वाजणार नाही.’

थोरली थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, ‘त्याच्याकडे पांघरूण नव्हतं?’ दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा कापून घेतला, आजीकडून कडेला टाके घालून घेतले आणि घडी करून गोठ्याशेजारी ठेवला. तिला हे कोणी सुचवलं नव्हतं. रिकाम्या जागेकडे रोज बघत राहिलं की मुलाला आपोआप सुचतं, असा माझा अनुभव आहे.

सांताक्लॉजचा प्रश्न आमच्याकडेही येतोच. दुकानांच्या दारात लाल टोप्या लटकतात, शाळेत कोणीतरी दाढी लावून चॉकलेटं वाटतं. थोरलीने विचारलं, ‘तो खरा आहे का?’ मी तिला संत निकोलसची गोष्ट सांगितली. आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाचं शहर होतं, तिथले ते चौथ्या शतकातले बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं पैशांवाचून अडली होती, तेव्हा निकोलसनी रात्री कोणाला न कळता त्यांच्या घरात सोन्याची थैली टाकली, अशी आख्यायिका आहे. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. आम्ही त्या दिवशी घरात एक खोका ठेवतो. आपल्या खेळण्यांतलं आणि कपड्यांतलं, चांगल्या स्थितीतलं काय द्यायचं ते मुलं ठरवतात. देणाऱ्याचं नाव कुठेही लिहायचं नाही. धाकट्याने आपली आवडती लाल गाडी खोक्यात टाकली, परत काढली, पुन्हा टाकली. मी पाहत राहिले, बोलले नाही. शेवटी गाडी खोक्यात राहिली. ‘मी निकोलस झालो,’ असं तो आठवडाभर सांगत होता. गुपित ठेवायचं असतं हे त्याला अजून जमत नाही, पण देणं जमलं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघर मुलांच्या ताब्यात जातं. केकसाठीचे मनुके, बेदाणे मोठी माणसं रममध्ये भिजवतात. मुलांच्या केकसाठी मी ते संत्र्याच्या रसात भिजवते. कुलकुल करणं मात्र लहान बोटांचंच काम. मैदा, थोडा रवा, लोणी आणि नारळाचं दूध घालून पीठ मळायचं, त्याच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या करायच्या, आणि नव्या कंगव्याच्या दातांवर एकेक गोळी दाबून गुंडाळायची. शिंपल्यासारखी रेघांची वळी तयार होते. धाकट्याच्या वळ्या कधी लांबट, कधी चपट्या. मी त्या नीट करत नाही, तशाच तळते. ताटात त्या वेगळ्या ओळखू येतात आणि पाहुण्यांना तो बोट दाखवून सांगतो, ‘हे माझे.’

नेवऱ्यांच्या कडा कातायला थोरली बसते. सारण रव्याचं, खोबऱ्याचं, काजू-मनुक्यांचं, वेलची लावलेलं. कड नीट मिटली नाही तर तेलात सारण सुटतं, हे तिला एकदाच सांगावं लागलं. रोझ कुकीजचा साचा आणि फुगे मात्र माझे आणि सासूबाईंचे. साचा आधी कढत तेलात तापवावा लागतो, नाहीतर पीठ त्याला धरत नाही; आणि फुग्यांचं आंबलेलं पीठ मुठीतून अंगठ्याच्या जोरावर पिळून तेलात सोडायचं असतं. पूर्वी हे पीठ ताडीने आंबवत, आता यीस्ट घालतो. कढई चढली की मुलांनी उंबऱ्याबाहेर बसायचं, हा नियम कोणासाठीही मोडत नाही. तिथे बसून फुगलेला प्रत्येक फुगा ती मोजतात आणि नंतर आकड्यांवरून भांडतात.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर थोडं वाचन होतं. लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा भाग मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’मधून वाचते. आपल्या वसईच्या माणसाने केलेल्या या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. चारशे वर्षांपूर्वी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापून झालं, हेही सांगते. स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण येशूची कथा त्यांनी इथल्या माणसांना इथल्या छंदात सांगितली. नाताळ परक्यांचा सण आहे का, असं शाळेत कोणी विचारलं तर माझ्या मुलांना शांतपणे उत्तर देता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.

योसेफ आणि मरिया यांना धर्मशाळेत जागा मिळाली नाही, या ठिकाणी थोरली दर वेळी मला थांबवते. ‘कोणीच कसं हो म्हणालं नाही? आपण म्हणालो असतो ना?’ मी म्हणाले, ‘म्हणायला हवं.’ मग ती म्हणाली, ‘त्या बिल्डिंगपाशी पत्र्याच्या घरात राहतात त्या मुलांना बोलवू या.’ आमच्या रस्त्याच्या टोकाला इमारतीचं काम चाललं आहे. मजुरांची कुटुंबं तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांची मुलं रोज आमच्या फाटकावरून जातात, आणि त्यांना घरी बोलवावं हे आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्या तोंडून आलं नव्हतं. त्यांच्या आयांशी बोलायला मी आणि थोरली बरोबर गेलो.

चोवीस तारखेला चर्चमध्ये संध्याकाळची मिस्सा, म्हणजे उपासना, होते. लहान मुलांना मध्यरात्रीपर्यंत जागवण्यापेक्षा आम्हाला ही लवकरची मिस्सा बरी. घरी आल्यावर दिवे लावायचे, चांदणी पेटवायची आणि घरातल्या सर्वांत लहान माणसाने बाळाला गव्हाणीत ठेवायचं. धाकट्याने मूर्ती दोन्ही तळहातांवर घेतली आणि पडवीपर्यंत पाय न आपटता चालला. थोरलीने फ्रॉकच्या तुकड्याचं पांघरूण घातलं. मग सगळ्यांनी मिळून मराठी नाताळगीतं म्हटली. मुलांचे पप्पा ढोलकीवर होते, आजीच्या हातात टाळ.

पंचवीसच्या सकाळी ताटं निघाली. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून चकल्या, करंज्या आल्या होत्या. आता आमच्याकडून नेवऱ्या, कुलकुल, केक. ताट रिकामं परत करायचं नाही, ही आपल्या सगळ्यांचीच पद्धत, त्यामुळे काकूंच्या ताटातून गूळपोळ्या आल्या. ताट मुलांनी स्वतः न्यायचं आणि ‘नाताळाच्या शुभेच्छा’ स्वतःच्या तोंडाने म्हणायच्या. वाटेत दोन-चार कुलकुल सांडले तरी चालतं.

दुपारी पत्र्याच्या खोल्यांतली ती मुलं आली. आधी फाटकाशीच उभी राहिली. धाकट्याने एकीचा हात धरून तिला थेट गोठ्यापाशी नेलं. तिला येशूची गोष्ट माहीत नव्हती, पण गाय, शेळी, मेंढरू सगळी ओळखता आली. तिच्या गावी शेळ्या आहेत, असं तिने हिंदीत सांगितलं. बाळ गव्हाणीत का निजलंय, असं तिने विचारलं. ‘घर नव्हतं त्याला,’ थोरली म्हणाली. मुलीने मान हलवली. तिला पुढे काही समजावावं लागलं नाही. मग सगळ्यांनी पडवीत बसून फुगे खाल्ले आणि उरलेल्या पेंढ्यात दिवेलागणीपर्यंत धुडगूस घातला.

ही मैत्री नाताळाबरोबर संपली नाही. ती मुलं आता रविवारी दुपारी खेळायला येतात. त्यांच्यातल्या मोठ्या मुलाला थोरली मराठी मुळाक्षरं शिकवते.

मुलांसाठी नाताळ मोठा करायचा तर भेटवस्तूंची रास लागत नाही, हे मी आता ठामपणे सांगू शकते. त्यांना वाट पाहू द्यावी. त्यांच्या हाताला खरं काम द्यावं, आणि ते वेडंवाकडं झालं तरी तसंच ताटात ठेवावं. गोष्ट सांगताना ती जिथे थांबवतात तिथे आपणही थांबावं, कारण तिथेच त्यांच्या मनात काहीतरी ठरत असतं. हे दिवाळीला, ईदला, कोणत्याही सणाला करता येईल.

आमचा गोठा ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत, मांडलेला असतो. वसईत त्या दिवसांत गावोगाव गोठे पाहायला माणसं फिरतात, आणि कोणाच्याही दारात धर्म विचारला जात नाही. यंदा तुमच्या मुलांना घेऊन जरूर या.