रॉकीभाई गेला, केजीएफ उरलं

‘केजीएफ : चॅप्टर २’नं आपल्या कानठळ्या बसवल्या. पण ज्यांच्या गावाचं नाव घेऊन हा सगळा दणदणाट झाला, त्यांना तो कसा वाटला?

एप्रिल २०२२ मध्ये ‘केजीएफ : चॅप्टर २’ रिलीज झाला आणि आमच्या ग्रुपमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीच्या मते हा ‘बाप’ पिक्चर. तिकिटाचे पैसे वसूल, शिट्ट्या मारून घसा बसला, आणखी काय हवं? दुसरी पार्टी कपाळाला बाम चोळत बसलेली. काळोख, धूळ, स्लो मोशन, दर दोन मिनिटांनी डायलॉग आणि मागे अखंड बडवाबडवी! रॉकी पोलिस स्टेशनसमोर मशीनगन चालवतो, नळी लालबुंद होते आणि तिच्यावरच तो सिगरेट पेटवतो. या सीनवर मात्र दोन्ही पार्ट्या एकदम ओरडल्या होत्या. एक आनंदानं, दुसरी वैतागानं.

पाच भाषांतल्या या सीक्वेलनं जगभरात १२०० कोटींच्या वर गल्ला जमवला. तेव्हापासून केजीएफ म्हटलं की आपल्याला यशची दाढी आठवते. पण कोलार गोल्ड फील्ड्स हे खरंखुरं गाव आहे, बंगळुरूपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. माझ्या बंगळुरूच्या मैत्रिणीच्या टीममधला एक मुलगा तिथून रोज ट्रेननं ये-जा करतो. ‘या एकदा, दाखवतो,’ म्हणाला. मग काय, एका रविवारी निघालो!

बंगारपेटला मेन लाइन सुटते आणि गाडी एका छोट्या फाट्यावर वळते. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन आणि शेवटचं मारिकुप्पम. स्टेशनांची नावंसुद्धा पिक्चरमधली वाटावीत अशी! खिडकीतून आधी दिसतात त्या सपाट माथ्याच्या करड्या टेकड्या. याच त्या ‘सायनाइड हिल्स’. खाणीतला दगड दळायचा, सायनाइडच्या पाण्यानं त्यातलं सोनं काढायचं आणि उरलेला भुगा बाहेर टाकायचा. शंभरेक वर्षांत या भुग्याचे डोंगर झाले. शूटिंगला युनिट इथंच आलं होतं. पडद्यावर ही धूळ भारी दिसते. इथं वारा सुटला की ती लोकांच्या घरात शिरते.

सिनेमात सोनं सापडतं १९५१ साली, रॉकीच्या जन्माच्या दिवशी. खऱ्या केजीएफमध्ये ब्रिटिशांच्या जॉन टेलर कंपनीनं १८८० च्या दशकातच काम सुरू केलं होतं. शिवनसमुद्रची वीज इथं १९०२ मध्ये पोचली. बंगळुरूला ती मिळाली १९०५ मध्ये. साहेबांसाठी बंगले, क्लब, गोल्फ. आणि खाली उतरणाऱ्यांसाठी लेबर लाइनमधली एकेक खोली. हे कामगार बहुतेक तमिळ बोलणारे, बरेचसे दलित. १९५६ मध्ये खाणी सरकारी झाल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद पडल्या. तोवर चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती.

आमच्या या दोस्ताचे बाबा तिथंच कामाला होते. सिनेमा सुरू होताना पडद्यावर गावाचं नाव आलं तेव्हा त्यांनीही शिट्टी मारली होती म्हणे. मग हळूहळू ते गप्प झाले. ‘आम्ही गुलाम नव्हतो,’ ते मला म्हणाले. ‘युनियन होती आमची. संप केलेत आम्ही.’ पडद्यावरचे खाणकामगार रॉकीची वाट बघत बसतात, हेच त्यांना खटकलं होतं.

अम्मा मात्र इंटरव्हललाच घरी निघून आली होती. आवाज सहन होईना. मला वाटलं, वयाचं असेल. मुलगा म्हणाला, ‘नाही, रॉकबर्स्ट.’ एवढ्या खोलीवर दाबामुळे खडक अचानक फुटतो, स्फोटासारखा. वर घरं हादरायची, भांडी पडायची. त्या वेळी आपला माणूस खाली शिफ्टला असेल, तर बायका हातातलं काम टाकून शाफ्टकडे धावायच्या. थिएटरमध्ये धडाम झालं की अम्माचे पाय आपोआप उठत होते. इतक्या रिव्ह्यूंत मला इतका खरा रिव्ह्यू दिसला नव्हता.

आणि याच खाणीनं जगाला एक शांतताही दिली. डोक्यावर इतका खडक असला की आकाशातून येणारे बाकीचे कण वरच अडतात. म्हणून आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञ इथं यंत्रं घेऊन उतरले. ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांच्या साथीनं १९६५ मध्ये त्यांनी वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोचा माग लावला. जगात ते यश मिळवणाऱ्या पहिल्या दोन प्रयोगांतला हा एक. याच्यावर कोणी पिक्चर काढेल का?

मुलानं मात्र सिनेमा तीनदा पाहिलाय, आणि चौथ्यांदाही बघेल. आधी ऑफिसमध्ये ‘कुठला तू?’ विचारलं की नकाशा काढावा लागायचा. आता नाव पुरतं. ‘भाई, सोनं आणलंस का?’ हा जोक रोजचा, पण तो हसतो. पंपिंग थांबल्यावर खाणीत पाणी भरलं आणि गावातली नोकरी संपली. त्यामुळे पहाटेची बंगळुरूची ट्रेन त्याच्यासारख्यांनी भरते आणि रात्री उशिरा त्यांना परत आणून सोडते. ‘इथं जॉब असता तर रॉकी लागलाच नसता,’ तो म्हणाला.

जाताय? बंगळुरूहून ट्रेननं बंगारपेट आणि पुढे मारिकुप्पम. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका आणि टेकड्यांची धूळ लांबूनच बघा. जवळच कम्मसंद्राच्या कोटिलिंगेश्वर मंदिरात १०८ फुटी शिवलिंग आहे. परतताना बंगारपेटला स्वच्छ पांढऱ्या पाण्याची पाणीपुरी खा. रंगावर जाऊ नका, डोळ्यांत पाणी येतं. आणि कोणी जुने कामगार भेटले, तर रॉकीचं नाव जरा उशिरा काढा. आधी त्यांची शिफ्ट किती वाजता सुरू व्हायची, ते विचारा.